तुळजाभवानी मंदिर, तुळजापूर

महाराष्ट्रातील एक प्रमुख शक्तिपीठ व असंख्य मराठी घराण्यांच्या कुलदेवतेचे स्थान. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात, बालाघाट डोंगररांगेच्या एका कड्यालगत वसलेल्या तुळजापूर या तालुक्याच्या गावी हे मंदिर आहे. धाराशिवपासून सु. २२ किमी. व सोलापूरपासून सु. ४५ किमी. अंतरावर हे गाव आहे. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशी साडेतीन पीठे महाराष्ट्रात परंपरेने मानली जातात. त्यांपैकी तुळजापूरचे वैशिष्ट्य असे, की येथील मुख्य मूर्ती चल आहे. ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते आणि दसऱ्याच्या पहाटे पालखीतून मंदिराभोवती मिरविली जाते. या हालचालीभोवती अनेक गावे, जाती व घराणी यांच्या सेवेची एक विस्तृत व्यवस्था उभी राहिली. राज्ये बदलली, तरी पीठाचे सातत्य प्रामुख्याने याच व्यवस्थेने टिकविले. त्यामुळे या मंदिराचा इतिहास हा केवळ वास्तूचा किंवा राजाश्रयाचा इतिहास नाही. तो मानकऱ्यांच्या सेवेचाही इतिहास आहे.

नाव व स्थलमाहात्म्य : तुळजा हे नाव ‘त्वरिता’ या शब्दापासून आले, अशी पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. त्वरिता–तुरजा–तुळजा असा हा क्रम होय. भक्ताच्या हाकेला त्वरेने धावून येणारी ती त्वरिता, हा त्यामागील भाव. स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडाशी संबद्ध मानल्या जाणाऱ्या तुळजामाहात्म्यातील कथेप्रमाणे कर्दम ऋषीच्या निधनानंतर त्याची पत्नी अनुभूती ही मंदाकिनी नदीच्या काठी तप करीत होती. कुकुर नावाच्या दैत्याने तिची विटंबना करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिने आदिशक्तीचा धावा केला. देवी तत्काळ प्रकट झाली. दैत्याने महिषाचे रूप घेतले असता तिने त्याचा वध केला व अनुभूतीच्या विनंतीवरून ती येथील डोंगरावर राहिली. माहात्म्यात या डोंगरास यमुनाचल असे नाव आहे. संकटात सापडलेल्या एकाकी स्त्रीच्या हाकेतून हे पीठ निर्माण झाले, ही या कथेतील मध्यवर्ती गोष्ट होय. इतरत्र महिषासुराच्या वधासाठी देव शक्तीची आराधना करतात. येथे ती एका विधवा तपस्विनीने केली आहे.

गावाच्या परिसरात रामकथेशी जोडलेली घाटशिळा आहे. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने येथून लंकेची दिशा दाखविली, म्हणून ती ‘रामवरदायिनी’, अशी समजूत आहे. पापनाश व मुद्‌गल ही तीर्थे आणि काळभैरव, टोळभैरव इत्यादींची स्थाने यांमुळे मंदिराबाहेरचा परिसरही यात्रेचा भाग बनला आहे.

वास्तू : बहुतेक प्रसिद्ध देवीस्थाने डोंगराच्या माथ्यावर असून भक्ताला पायऱ्या चढून जावे लागते. तुळजापुरात याच्या उलट अनुभव येतो. गाव वर व मंदिर खालच्या खोलगट भागात असल्यामुळे महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरत जावे लागते. उतरताना प्रथम कल्लोळ तीर्थ लागते. सर्व तीर्थे देवीच्या आज्ञेने येथे एकदम धावून आली व त्यांच्या पाण्याचा कल्लोळ झाला, अशी या नावाची कथा आहे. समोर गोमुख तीर्थ असून गायीच्या मुखातून पडणाऱ्या धारेखाली यात्रेकरू स्नान करतात अथवा हातपाय धुतात. पुढे सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन सरदार निंबाळकर दरवाजातून मुख्य प्रांगणात प्रवेश होतो. बाहेरच्या प्रवेशद्वारांना राजे शहाजी महाद्वार व राजमाता जिजाऊ महाद्वार अशी नावे आहेत.

प्रांगणाच्या मध्यभागी मुख्य मंदिर असून त्याच्यासमोर होमकुंड आहे. सभोवती ओवऱ्या आहेत. परिवारदेवतांत यमाई, मातंगी इत्यादींची स्थाने आहेत. मंदिराची रचना सभामंडप व गर्भगृह अशी असून बांधणी सर्वसाधारणपणे हेमाडपंती म्हणून ओळखली जाते. मूळ भाग यादवकालीन किंवा त्याच्याही पूर्वीचा मानतात. तथापि नंतरच्या शतकांत झालेल्या दुरुस्त्या, भर व रंगकाम यांचे थर त्यावर चढले आहेत. दरवाजे, ओवऱ्या व तटबंदी यांची घडण मुख्यतः उत्तरकालीन आहे. या परिसरात धाराशिवची प्राचीन लेणी आणि तेर (प्राचीन तगर) हे सातवाहनकालीन व्यापारी नगर असल्यामुळे तुळजापूर ज्या प्रदेशात वाढले, तो प्रदेश वास्तुकलेच्या दृष्टीने फार जुन्या परंपरेचा आहे.

मंदिरामागे चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरला असता दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार व स्थिर राहिला तर विलंब, असा कौल समजतात. छत्रपती शिवाजी महाराज स्वारीपूर्वी येथे कौल घेत, असे लोक सांगतात. नवस आणि कौल या दोन गोष्टींमुळे सामान्य भक्ताचा देवीशी थेट व्यवहार होतो. या व्यवहारात पुरोहिताची मध्यस्थी आवश्यक नसते.

मूर्ती : देवीची मूर्ती काळ्या गंडकी शिळेची असून सु. एक मीटर उंचीची आहे. ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. उजवा पाय महिषासुरावर असून एका हातात त्रिशूल व दुसऱ्या हातात दैत्याची शेंडी आहे. बाण, चक्र, शंख, धनुष्य ही आयुधे इतर हातांत असून पाठीवर भाता आहे. मस्तकावरील मुकुटावर सयोनी लिंग असून मस्तकाच्या दोन बाजूंस सूर्य व चंद्र कोरले आहेत. पायांजवळ सिंह, पुराणकथन करणारा मार्कंडेय ऋषी आणि तप करणारी अनुभूती दाखविली आहे. माहात्म्याची सारी कथा अशा रीतीने एकाच शिळेवर अंकित झाली आहे. प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळी मूर्तीवर वस्त्रे, मळवट, फुलांच्या माळा व अलंकार असल्यामुळे भक्ताला मुखाखेरीज फारसे काही दिसत नाही. पूर्ण मूर्तीचे दर्शन अभिषेकाच्या वेळीच होते. मूर्ती सिंहासनावर कायमची जखडलेली नाही, ही गोष्ट शिल्पदृष्ट्या साधी वाटली, तरी येथील सर्व परंपरांचा तोच पाया आहे.

इतिहास : मराठवाड्याचा हा भाग कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहमनी सुलतान व त्यानंतर विजापूरची आदिलशाही यांच्या अंमलाखाली क्रमाने आला. जवळच असलेला नळदुर्गचा किल्ला हे या प्रदेशाचे लष्करी केंद्र होते. भोसले घराण्याची कुलदेवता म्हणून तुळजाभवानीचे महत्त्व सतराव्या शतकात वाढले. मात्र ज्या काळात ही देवी स्वराज्याचे प्रतीक बनली, त्या काळात तिचे मूळ स्थान आदिलशाहीच्या मुलखात होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

१६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफजलखान छत्रपती शिवाजी महाराजांवर चालून आला. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत, खानाने तुळजापूरची भवानी फोडून जात्यात घालून भरडली, असे म्हटले आहे. उलट तुळजापूरच्या पुजाऱ्यांची परंपरा सांगते, की खानाच्या आगमनापूर्वीच मूळ मूर्ती सुरक्षित स्थळी हलविण्यात आली होती व संकट टळल्यानंतर ती पुन्हा सिंहासनावर आणण्यात आली. सभासदाची बखर घटनेनंतर सु. ३८ वर्षांनी लिहिलेली असली, तरी तिचा कर्ता शिवकालाला निकटचा आहे. त्यामुळे देवस्थानास उपद्रव झाला, ही तिच्यातील मुख्य गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. विद्यमान मूर्तीची घडण मात्र शिवकालाच्या पूर्वीची मानली जाते आणि ती पुजाऱ्यांच्या परंपरेस अनुकूल आहे. देवस्थानाचा उपमर्द झाला आणि मुख्य मूर्ती वाचली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मूर्ती हलविण्याची रीत, ती उचलण्याचा अधिकार असलेले सेवक व तिला गुंडाळण्याची पद्धत या सर्व गोष्टी येथे नित्याच्या आचाराचा भाग आहेत. अशा देवस्थानात आणीबाणीच्या प्रसंगी मूर्ती स्थलांतरित करणे इतर ठिकाणांपेक्षा सुकर होते, हे उघड आहे. तथापि निद्रेचा विधीच या संकटातून निर्माण झाला, असा तर्क करणे सयुक्तिक नाही. देवतेला निजविणे व जागविणे हे आचार भारतातील इतर अनेक देवस्थानांतही आढळतात.

अफजलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात, या प्रसंगापूर्वी तुळजादेवीने महाराजांना दर्शन दिल्याचे वर्णन आहे. पुढे १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली व तिच्या पूजेची व्यवस्था लावून दिली. तुळजापूर परमुलखात असल्याने कुलदेवतेच्या दर्शनास वारंवार जाणे शक्य नव्हते, हे या स्थापनेमागील एक व्यावहारिक कारण असावे. प्रतापगडची भवानी ही तुळजापूरच्या भवानीची जागा घेण्यासाठी नव्हे, तर तिचे रूप स्वराज्यात असावे म्हणून प्रतिष्ठित झाली. देवीने महाराजांना तलवार दिली, ही कथा लोकमानसात इतकी रुजली आहे, की नवरात्रातील एका अलंकारपूजेत तोच प्रसंग दाखविला जातो. देवीच्या जामदारखान्यातील मोहरांची एक माळ शिवाजी महाराजांनी अर्पण केली, अशीही परंपरा आहे.

आदिलशाहीच्या अस्तानंतर (१६८६) हा प्रदेश मोगलांकडे व अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाकडे गेला. मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत पोहोचली, त्या काळातही मराठ्यांच्या कुलदेवतेचे हे स्थान बव्हंशी निजामाच्या राज्यात होते. यामुळे देवस्थानाचा आश्रय दुहेरी राहिला. एकीकडे मराठे राजे व सरदार नवस, नैवेद्य व अलंकार पाठवीत. दुसरीकडे निजामाच्या सेवेतील हिंदू सरदार बांधकामास साहाय्य करीत. निंबाळकर हे नाव धारण करणारा दरवाजा या दुसऱ्या आश्रयाची आठवण देतो. निजामाच्या सेवेतील राव रंभा निंबाळकर यांनी करमाळा येथे बांधलेले कमलाभवानीचे मंदिरही तुळजापूरच्याच भक्तीतून उभे राहिले.

१८५३ च्या तहान्वये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला व १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिव येथे आले व पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याला पुन्हा धाराशिव हे नाव देण्यात आले.

निद्रा व वार्षिक उत्सव : देवीच्या तीन निद्रांपैकी पहिली घोरनिद्रा होय. ती भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत असते. महिषासुराशी युद्ध करण्यापूर्वी देवी बळ साठविते, असा तिचा अर्थ लावतात. अश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे मूर्ती सिंहासनावर येते व घटस्थापना होऊन शारदीय नवरात्र सुरू होते. दुसरी श्रमनिद्रा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत असते. युद्धाने श्रमलेल्या देवीची ही विश्रांती होय. तिसरी मोहनिद्रा पौष शुद्ध पक्षाच्या आरंभी असून ती संपताच शाकंभरी नवरात्र बसते. अशा रीतीने वर्षातील सु. एकवीस दिवस देवी सिंहासनावर नसते. या काळात भक्तांना तिचे दर्शन पलंगावर होते. यासच मंचकी निद्रा म्हणतात.

निद्रेची पूर्वतयारीही एक सामुदायिक विधी आहे. गाद्यांसाठी आराधी स्त्रिया कापूस निवडतात व तो पिंजण्याची सेवा परंपरेने एका मुसलमान पिंजारी घराण्याकडे आहे. नवरात्रात रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार व महिषासुरमर्दिनी अशा अलंकारपूजा बांधल्या जातात. अष्टमीस होम व नवमीस अजाबळी होऊन नवरात्राची सांगता होते.

दसऱ्याची पहाट हा वर्षातील परमोच्च क्षण असतो. मूर्तीला वस्त्रांमागून वस्त्रे गुंडाळून तिचे ‘दिंड’ बांधतात. १०८ साड्यांचे हे वेष्टन मूर्तीला धक्का लागू नये म्हणूनही उपयोगी पडते. नंतर मूर्ती पालखीत ठेवून कुंकवाच्या उधळणीत, संबळाच्या गजरात मंदिराची प्रदक्षिणा होते व पिंपळाच्या पारावर पालखी विसावते. सीमोल्लंघन आटोपल्यावर देवी पलंगावर निजते.

ही पालखी व हा पलंग तुळजापुरात तयार होत नाहीत. पालखी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून येते. तिचे सुतारकाम राहुरी येथे होते व बुऱ्हाणनगर येथील भगत या तेली घराण्याकडे तिचा मान आहे. पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावी तयार होतो. त्याची सेवाही तेली समाजाकडे आहे. तो जुन्नरच्या मार्गाने कित्येक आठवडे गावोगाव मुक्काम करीत येतो आणि प्रत्येक गावी स्त्रिया त्याची पूजा करून ओटी भरतात. पालखी व पलंग यांची भेट नगरजवळील भिंगार येथे होते. तेथून त्यांचा पुढील प्रवास तुळजापूरकडे सुरू होतो. या मानाची कथा अशी सांगतात, की बुऱ्हाणनगरच्या जानकोजी नावाच्या तेली भक्ताच्या घरी देवी लहान मुलीच्या रूपाने राहिली. ती नाहीशी झाल्यावर तो तिला शोधीत तुळजापुरास आला, तेव्हा देवीने तुझ्याच पालखीत बसून सीमोल्लंघन करीन, असे वचन दिले. सेवा झाल्यावर पालखी मोडून होमकुंडात अर्पण करतात. जुन्या पलंगाचीही तीच गती होते. परिणामी ही वस्तू वारसा म्हणून जपता येत नाही. ती दरवर्षी नव्याने घडवावी लागते, नव्याने वाहून आणावी लागते. जतन होते ते घडविण्याचे व वाहून आणण्याचे कर्तव्य. सु. तीनशे किमी. हून अधिक लांबीच्या या मार्गावरील गावे त्यामुळे दरवर्षी देवस्थानाशी पुन्हा बांधली जातात.

अश्विन (कोजागरी) पौर्णिमेच्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर बसते. या पौर्णिमेसाठी सोलापूरहून हजारो लोक रात्रभर पायी चालत येतात. चैत्री पौर्णिमेसही मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश येथील भक्तांचाही तीत मोठा भरणा असतो. मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमा या दिवशी एरवीही गर्दी असते. ठराविक वारी निघणारी देवीची प्रदक्षिणेची मिरवणूक ‘छबिना’ या नावाने ओळखली जाते.

नित्योपचार व सेवेकरी : दैनंदिन पूजेचा आरंभ पहाटे चरणतीर्थाने होतो. सकाळी व सायंकाळी अभिषेक, वस्त्रालंकार, नैवेद्य, धूपारती आणि रात्री प्रक्षाळ असा क्रम असतो. प्रक्षाळ झाल्यावर मंदिर बंद होते. नवस फेडण्यासाठी भक्त सिंहासनपूजा करवितात.

गाभाऱ्यातील पूजेचा मुख्य अधिकार भोपे पुजाऱ्यांकडे असून ते कदम घराण्यातील मराठे आहेत. महाराष्ट्रातील एका अग्रगण्य देवस्थानाची पूजा ब्राह्मणेतरांकडे असावी, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वैदिक मंत्रोच्चारासाठी उपाध्ये आहेत व यात्रेकरूंची सोय पाहणारे पाळीकर पुजारी आहेत. आपापल्या यजमान घराण्यांच्या वंशावळी व भेटींची नोंद ठेवणाऱ्या पुजाऱ्यांच्या वह्या हा मराठी कुटुंबांच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित साठा होय. याशिवाय महंतांचे मठ आहेत. त्यांत भारतीबुवा, गरीबनाथ व अरण्यगोवर्धन हे मठ प्रसिद्ध आहेत. भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळावयास येते, अशी आख्यायिका आहे.

मंदिराबाहेरील उपासनेचे वाहक म्हणजे गोंधळी व आराधी. गोंधळ्यांचे रेणुराई व कदमराई असे दोन वर्ग असून पहिला माहूरच्या रेणुकेचा व दुसरा तुळजाभवानीचा उपासक आहे. लग्नादी मंगलकार्यानंतर संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने, दिवटी पाजळून घातला जाणारा गोंधळ हा देवीचा कुलाचार होय. गळ्यात कवड्यांची माळ व हाती परडी घेऊन जोगवा मागणारे आराधी स्त्रीपुरुष देवीची गाणी गावोगाव नेतात. जोगव्यात घरची सधन स्त्रीही पाच घरी पदर पसरते. देवीपुढे सर्वांचे याचकपण सारखे, हा त्यातील आशय. एकनाथांनी (१५३३–९९) जोगवा व गोंधळ या लोकविधींचीच रूपके योजून भक्तीचा उपदेश केला, यावरून या आचारांचे समाजातील स्थान सोळाव्या शतकातही दृढ होते, हे दिसते.

प्रसार : तुळजा या नावाचा प्रसार तुळजापूरपुरता मर्यादित नाही. जुन्नरजवळील प्राचीन बौद्ध लेण्यांच्या एका गटात पुढे या देवीची स्थापना झाली व ती लेणी ‘तुळजा लेणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. राजस्थानात चितोडगडावर सोळाव्या शतकातील तुळजाभवानीचे मंदिर आहे. तमिळनाडूतील तंजावरच्या भोसले घराण्यात तुळजा हे नाव राजांनी धारण केले, पहिले तुळजा (कार. १७२८–३६) व सरफोजींचे दत्तकपिता दुसरे तुळजा (कार. १७६३–८७) हे त्यांपैकी होत. कुलदेवतेपासून शेकडो किमी. दूर, भिन्न भाषेच्या प्रदेशात राज्य करणाऱ्या मराठा घराण्याने तिचे नावच वारसा म्हणून जपले. नेपाळच्या मल्ल राजांची इष्टदेवता तलेजू हिच्याशीही काही अभ्यासकांनी तुळजेचा संबंध जोडला आहे. या पीठाच्या उगमाचा, परिवारदेवतांचा व लोकाचारांचा सखोल शोध रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी आपल्या श्रीतुळजाभवानी या ग्रंथात घेतला आहे.

व्यवस्थापन व सद्यःस्थिती : सेवेचे मान वंशपरंपरागत असल्यामुळे त्यांच्या वाटपाबद्दल तंटे होणे अटळ होते. कोणत्या उत्पन्नावर पुजाऱ्यांचा हक्क व कोणत्या उत्पन्नावर देवस्थानाचा, हा त्यांतील मूळ प्रश्न. निजाम सरकारने १९०९ मध्ये ‘देऊळ-ए-कवायत’ या नावाची नियमावली करून पूजेचे अधिकार, कर्तव्ये व शिस्त यांस लेखी स्वरूप दिले. संस्थान विलीन झाले, राज्ये पुनर्रचित झाली, तरी ही नियमावली बाद झाली नाही. गैरवर्तन करणाऱ्या पुजाऱ्यास मंदिरप्रवेश बंदी करताना तिच्या कलमांचा आधार एकविसाव्या शतकातही घेतला जातो. एका मुसलमान राजवटीने हिंदू देवस्थानासाठी केलेले नियम प्रजासत्ताकातही लागू राहिले, हे राजवटीपेक्षा सेवेची व्यवस्था अधिक दीर्घायुषी असल्याचे द्योतक आहे.

सध्या देवस्थानाचा कारभार श्री तुळजाभवानी मंदिर संस्थान या सार्वजनिक न्यासाकडे असून जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. दानपेटीचे उत्पन्न लिलावाने देण्याची जुनी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वादग्रस्त ठरली. तीतील गैरव्यवहारांच्या आरोपांची चौकशी झाली व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. देवीच्या जुन्या अलंकारांची नोंद व मोजदाद हाही वेळोवेळी लोकचर्चेचा विषय झाला आहे. मे २०२५ मध्ये राज्य शासनाने तुळजापूरच्या विकासासाठी १,८६५ कोटी रुपयांच्या आराखड्यास मंजुरी दिली.

वाढत्या गर्दीसाठी रुंद मार्ग, दर्शनमंडप व निवासस्थाने आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि या देवस्थानाचा वारसा दगडी बांधणीपुरता नाही. राहुरीचा सुतार, घोडेगावचा तेली, कापूस पिंजणारा पिंजारी, संबळ वाजविणारा गोंधळी व मूर्ती उचलणारा भोपा यांच्या कामात तो विभागलेला आहे. त्यांपैकी काही सेवा अल्प मोबदल्यावर, केवळ मानापोटी चालत आल्या आहेत आणि पुढील पिढ्या शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने शहरांकडे वळत आहेत. अशा सेवांची, त्यांच्या मार्गांची व मुक्कामांची पद्धतशीर नोंद करणे हे वास्तूच्या जतनाइतकेच निकडीचे आहे. कारण भंगलेली भिंत पुन्हा बांधता येते, परंतु पालखी दरवर्षी होमात जात असल्याने पुढील वर्षाची पालखी घडविणारा हातच नसेल, तर नमुना म्हणून पाहावयास जुनी पालखी उरलेली नसते.